धरलेल्या भिंती

नोटीस उज्वलाच्या नावानं आली होती आणि तिच्याखेरीज घरातल्या पुरुषमंडळींनी ती वाचून काढली होती. मंगळवारी रजिस्टर पोस्टानं आलेला लिफाफा श्रीमंतनं दुकानातच फोडला. अर्ध्या तासात लातूरहून त्याच्या धाकट्या भावाचा, भागवतचा फोन आला आणि त्यानं तिन्ही पानांचे फोटो मागवून घेतले. आणि जिला मालकीण समजून कंपनीच्या वकिलानं एवढा दम भरला होता, त्या बाईला ही गोष्ट कळली शनिवारी संध्याकाळी, अनारसे तळता तळता. तीही "उद्या जावाईबापूंसमोर त्या नोटिशीचं काही काढू नको" असं नवऱ्यानं बजावलं म्हणून. बायकोनं गप्प बसायचं तर कशाबद्दल ते तिला सांगावं लागतं, ही अडचण श्रीमंतच्या ध्यानात आली हेच नशीब म्हणायचं.

मेघधार कंपनीच्या पाण्याच्या मोटारींची मुखेडची एजन्सी बावीस वर्षांपासून तिडक्यांकडे होती. श्रीमंत तेव्हा संस्थेच्या शाळेत क्लार्क होता, त्याला धंदा करायची परवानगी नव्हती, म्हणून कागदावर नाव बायकोचं लागलं. पुढं नोकरी सुटली, नाव तसंच राहिलं. आता मुखेडात त्यांना तिडके कुणी म्हणत नव्हतं. बँकेत, बाजारात, सोयरिकीत ते 'मेघधारवाले' होते. गेल्या वर्षी शिवांगीच्या लग्नाची पत्रिका छापली तेव्हा छापखानेवाल्यानं न विचारताच तेवढा शब्द कंसात टाकला होता.

आणि नोटिशीत लिहिलं होतं की हे नाव तुमचं नाही. मेघधार हा आमचा नोंदलेला ट्रेडमार्क आहे, आणि तो घालून कुणीतरी इंटरनेटवर अकरा वेबसाइटची नावं विकत घेतली आहेत: मेघधार मुखेड, मेघधार देगलूर, मेघधार अर्धापूर, मेघधार जळकोट, थेट मेघधार लातूरसुद्धा. त्यातली कुठलीही उघडा, खाली फोन नंबर एकच, मुखेडच्या दुकानाचा. सात दिवसांत सगळी नावं कंपनीच्या हवाली करा, आणि हे कुणी केलं ते मालकिणीनं लेखी द्या. दुकानातल्या नोकरानं परस्पर केलं असेल तर त्याच्यावर केस होईल, एजन्सीला धक्का नाही. घरच्या माणसानं केलं असेल तर एजन्सी रद्द.

उज्वला रात्रभर तळमळली. तिच्या मनात पहिली पाल चुकचुकली ती भागवतच्या नावानं. लिफाफा अकराला फुटला, साडेअकराला लातूरहून फोन! नोटीस येणार हे त्याला कळलं कसं? लातूरची एजन्सी त्याच्याकडे होती आणि मुखेडकडे त्याचा डोळा होता, हे तर घरातल्या मांजरालाही ठाऊक होतं. पण वेबसाइटवर नंबर मुखेडचा होता, मग त्यात त्याचा काय फायदा? दुसरी पाल चुकचुकली ती मात्र तिनं तोंडावर हात ठेवून गप्प केली. जावाई, सत्यम, नांदेडला काम्प्युटरच्या हापिसात होता. दुसऱ्यांच्या वेबसाइट करून देणं हाच त्याचा धंदा होता.

रविवारी सकाळी ती आणि शिवांगी धोंडे करायला बसल्या. अधिक महिना, लग्नानंतरचा पहिलाच, आणि जावयाला पुरणाचे धोंडे घालून वाण द्यायचं, त्यात कसर ठेवून चालणार नव्हतं. बाहेर सत्यम टीव्हीसमोर पाय दुमडून बसला होता. एवढा शांत पोरगा, पण आज त्याची शांतताच तिला टोचत होती.

"शिवू, जावाईबापूंच्या हापिसात नेमकं काय करतेत गं?"

"वेबसाइट बनवतेत की आई. तुला सांगितलं न्हाई का मागं?"

"दुसऱ्याच्या नावाच्या पण बनवतेत?"

शिवांगीचा पुरण वाटणारा हात थांबला. "म्हंजी कसं?"

"काही न्हाई. उगंच इचारलं. वेलदोडा घाल."

पोरीला नोटिशीचा पत्ता नव्हता हे उघड दिसत होतं. पण ती उत्तर द्यायच्या आधी थांबली कशाला? आता एकदा संशय डोक्यात शिरला की माणूस शिंकलं तरी त्याचा अर्थ लागतो.

बाराच्या सुमाराला भागवत आला. एकटाच. बायको नाही, लेकरं नाहीत, हातात साधा फळांचा पुडा नाही. चुलतसासऱ्यानं धोंड्याच्या जेवणाला असं हात हलवत यावं, म्हणजे तो जेवायला आला नव्हता.

"सुनंदा न्हाई आली?" उज्वलानं विचारलं.

"तिचं डोकं दुखून राहिलं, वैनी."

"सकाळी तर माझ्याशी फोनवर हसून बोलली."

"मंग दुपारी दुखलं आसंल," भागवत म्हणाला आणि चपला काढून आत गेला.

पाटावर तिघं पुरुष बसले. मधे सत्यम, दोन्ही बाजूंना दोघं भाऊ. उज्वला तुपाची वाटी घेऊन उभी राहिली. पहिला धोंडा मोडेपर्यंत भागवतनं दम धरला, हेच खूप झालं.

"दादा, दोन दिवस राहिले. काय ठरवलंस?"

"जेवताना धंद्याचं काढू नको रे. जावाई बसलेत."

"जावाई बसलेत म्हणूनच काढून राहिलो. काम्प्युटरमधलं कळणारा आपल्यात दुसरा कोण हाय?"

सत्यमनं घास ताटात ठेवला. "मामा, काय झालंय?"

श्रीमंतनं भावाकडे असं पाहिलं की दुसरा कुणी असता तर तिथंच गप्प बसला असता. धोंड्याच्या पाटावर बसलेल्या जावयाला उभा-आडवा प्रश्न विचारायची रीत नाही. त्याला आधी वाण द्यायचं, पाया पडायचं, मग काय ते. पण भागवतनं मांडून टाकलं सगळं. नोटीस, अकरा नावं, सात दिवस.

"माझ्या लातूरच्या गिऱ्हाइकानं मोबाईलवर मेघधार लातूर म्हणून बघितलं की घंटी मुखेडात वाजती. दोन वर्षं हेच चालू हाय. मला वाटायचं, पाऊसपाणी न्हाई म्हणून धंदा मंदा. मंग औशाच्या एका माणसानं सांगितलं, तुमच्याच दुकानातून मोटार घेतली की हो, मुखेडहून मेस्त्री आला होता बसवायला. हाव, मीच कळवलं कंपनीला! सख्ख्या भावाच्या तोंडचा घास काढता, अन् मी गप्प बसू?"

म्हणजे पहिली पाल खरी निघाली होती, निदान अर्धी. पण उज्वलाला त्याचा राग येईना. दोन वर्षं लातूरच्या फोनवर मुखेडहून माणसं गेली होती आणि श्रीमंतला त्याचं काही वाटलं नव्हतं? रोज संध्याकाळी गल्ल्यावर बसणाऱ्या माणसाला?

सत्यमचा चेहरा लाल झाला होता. "काका, माझ्यावर संशय असेल तर सरळ विचारा. मी असलं काही केलेलं नाही."

"तुमचं नाव घेतलं कुणी, जावाईबापू?" श्रीमंत घाईघाईनं म्हणाला. "जेवा तुम्ही. तपास लागलाय. घरातलं कुणी न्हाई त्याच्यात. आपल्या तय्यब मेस्त्रीचं पोरगं, जीशान, दुकानात फोनवर बसतंय, काम्प्युटर तेच बघतंय. त्याचेच उद्योग हायेत. मेस्त्रीला बोलावलंय चार वाजता."

तय्यब अठ्ठावीस वर्षं जळक्या मोटारींना नवी तार गुंडाळायचं, वायंडिंगचं काम करत होता. एजन्सी यायच्या आधी, तिडक्यांचं नुसतं दुरुस्तीचं टपरीवजा दुकान होतं तेव्हापासून. उज्वलाच्या हातातली वाटी कलली आणि तूप ताटाऐवजी पाटावर सांडलं. पण खरं सांगायचं तर पहिल्यांदा तिला हायसंच वाटलं. जावाई सुटला. पोरीचा संसार सुटला. मग त्या हायसं वाटण्याची तिला लाज वाटली. तिनं वर पाहिलं तर स्वयंपाकघराच्या दारात शिवांगी उभी होती, दोन्ही हात पुरणानं माखलेले, आणि तोंड पांढरंफटक पडलेलं. ती आत वळली.

वाण दिलं. तेहतीस अनारसे, वर दिवा. सगळ्यांनी रीत पाळली, पण धोंडे ताटांत अर्धेच राहिले. उज्वला ताटं उचलून आत आली तर शिवांगी ओट्याला टेकून रडत होती.

"त्यांनी केलं का गं?" उज्वलानं हळूच विचारलं. "मला सांग. मी तुझी आई हाय, कंपनी न्हाई."

"न्हाई आई. त्यांना काहीच माहीत न्हाई."

"मंग रडतीस कामून?"

शिवांगी तोंड उघडणार तोच बाहेरून हाक आली, "वैनी, आत येऊ का?"

तय्यब चारची वेळ सांगितली असताना तीनलाच आला होता. रोजचा कळकट सदरा नव्हता. जुम्म्याला घालायचा पांढरा अंगावर होता, पण बोटांना वायंडिंगच्या वॉर्निशचा वास तसाच होता. श्रीमंतनं खुर्ची पुढं सरकवली, पण तो पायरीवरच बसला.

"मेस्त्री, पोराला इचारलं?" श्रीमंत म्हणाला.

"इचारलं, शेठ. परवापासून इचारून राहिलो. ते म्हणतंय, अब्बा, खुदाची कसम, म्या न्हाई. मला त्या अकरा नावांतलं एक बी माहीत न्हाई." तय्यब खाली बघत बोलत होता. "मला वाटलं, आजकालची पोरं, कसम काय स्वस्त असती. शेठ खोटं कशाला बोलतील? म्या मारलं त्याला. चोवीस वर्षाचं पोरगं, शेठ, दोन महिन्यांनी निकाह. त्याच्या मायसमोर मारलं. त्यानं हात बी आडवा घातला न्हाई. नुसतं म्हणलं, अब्बा, तुम्ही शेठचं ऐकलं, माझं न्हाई." तो थांबला. "तव्हापासून बोलंना झालंय माझ्याशी. आता तुम्हीच सांगा, पुरावा काय हाय? दाखवा मला. म्हंजी मला तरी खात्री होईल, का बरोबर मारलं."

पुरावा मागायला आलेल्या बापाला पुरावा हवा होता तो पोराच्या विरोधात, आणि तोही स्वतःचं मन खायला उठलं होतं म्हणून.

श्रीमंत म्हणाला, "दुकानाच्या काम्प्युटरवरूनच झालंय. आणखी काय पुरावा पाहिजे?"

"दुकानाच्या काम्प्युटरवर मी पण बसायची, बाबा."

शिवांगी दारात आली होती. हात धुतले होते, डोळे नव्हते धुतले.

"तू आत जा," श्रीमंत म्हणाला.

"चाचा, जीशानभाईनं काही केलं न्हाई. म्या केलं. लग्नाच्या आधी, दोन वर्षांखाली. मला वाटलं, भिंती धरायच्या तशाच असतेत ह्या."

सत्यमला ते कळलं नाही. नांदेडच्या कॉलनीत वाढलेल्या पोराला कळणार तरी कसं? पण पायरीवरच्या तय्यबला कळलं, भागवतला कळलं आणि उज्वलाला तर सगळ्यांच्या आधी कळलं.

दरवर्षी दिवाळी झाली की श्रीमंत पेंटरला घेऊन खेड्याखेड्यानं भिंती धरत फिरायचा. एसटीच्या थांब्यासमोरची, दूध डेअरीची, शाळेच्या वळणावरची मोकळी भिंत दिसली की घरमालकाला नारळ द्यायचा, दोन शब्द बोलायचे, आणि दुसऱ्या कंपनीचा माणूस यायच्या आत तिच्यावर 'मेघधार' लिहून टाकायचं. मोठ्या अक्षरात कंपनीचं नाव, खाली बारीक अक्षरात दुकानाचं. रंग कंपनी पाठवायची, आणि सगळ्यात जास्त भिंती धरणाऱ्याला वर्षाच्या मीटिंगमध्ये शालही द्यायची. पाच-सहा वर्षांची शिवांगी नारळांची पिशवी मांडीवर घेऊन गाडीवर पुढं बसायची. पहिला येईल त्याची भिंत, हा धंद्याचा धडा तिनं पाटी-पेन्सिलीच्या आधी गिरवला होता.

"मोबाईलवर बघितलं तर सगळी नावं मोकळीच होती," शिवांगी म्हणाली. "देगलूर मोकळं, जळकोट मोकळं, लातूर पण मोकळं. मला वाटलं, कुणीतरी धरायच्या आधी आपणच धरावी. नाव कंपनीचंच तर लिहितोय. भिंतीवर लिहिलं तर शाल देतेत, अन् इथं लिहिलं तर चोर म्हणतेत, हे मला कुठं माहीत होतं?" मग ती बापाकडे वळली. "पण बाबा, तुम्हाला तर सांगितलं होतं मी. तुम्ही म्हणलात, शाब्बास. म्हणलात, काकाला बोलू नको. मंग तुम्ही जीशानभाईचं नाव कामून घेतलं?"

भागवतनं भावाकडे पाहिलं. उज्वला आठवू लागली: पाच दिवसांचा तपास, बंद दाराआडचे फोन, "घरातलं कुणी न्हाई"ची घाई. ती कालपासून दिराला, जावयाला, पोरीलाही साप म्हणून धोपटत बसली होती, आणि खरं काय ते माहीत असलेला माणूस तिच्या शेजारी घोरत होता.

"मंग काय पोरीचं नाव लिहू?" श्रीमंत उसळला. "नव्या सासरी तिला कोर्टाचा कागद जाऊ दे? अन् एजन्सी? बावीस वर्षं! घरच्यांनी केलं म्हणलं की गेली. नोकरानं केलं म्हणलं की वाचली. जीशानला वकील मीच लावणार होतो, मेस्त्री. चार तारखा झाल्या असत्या, मिटलं असतं. त्याचं काय वाकडं होणार होतं?"

तय्यब पायरीवरून उठला. आवाज चढवला नाही. "दोन महिन्यांवर निकाह असलेल्या पोरावर चोरीची केस, शेठ. वाकडं काय असतं मंग?"

"अजून काही बिघडलेलं न्हाई ना?" उज्वला म्हणाली. "दोन दिवस हायेत. खरं ते लिहून देऊ."

श्रीमंतनं मान फिरवली. "शुक्रवारीच पाठवलं मी पत्र."

"काय पत्र? दाखवा."

"तुला काय कळतंय त्याच्यात?"

"दाखवा म्हणते ना."

तिनं त्याच्या हातातून फोन घेतला. दुकानाच्या लेटरहेडवर टाइप केलेल्या पत्राचा फोटो होता. आमच्या दुकानातील नोकर जीशान तय्यब याने आम्हास अंधारात ठेवून हे कृत्य केले असून त्याच्यावर योग्य ती कारवाई व्हावी. आणि खाली, झोकात, शेपूट काढलेली सही: उज्वला श्रीमंत तिडके.

बावीस वर्षं तो तिच्या नावाची सही करत आला होता. मोटारींच्या पावत्या, बँकेचे फॉर्म, कंपनीचे करार. तिला माहीत होतं आणि तिला त्याचं कधी काही वाटलंही नव्हतं. दुकानात जायचा त्रास वाचतो, एवढंच. पण आज त्या सहीखाली एका पोराचा गळा होता आणि तो दाबणारा हात तिच्या नावाचा होता.

"शिवू, वही आण."

"आई, माझं नाव लिही," शिवांगी म्हणाली.

"लिहा, आई," सत्यम म्हणाला. "माझ्या घरचं मी बघतो. तिनं काही दरोडा नाही घातला."

सकाळपासून ज्याच्यावर डोळा ठेवला होता, तोच पोरगा एवढं सरळ बोलला. उज्वलाला त्याच्याकडे बघवेना. "न्हाई बापू," ती म्हणाली. "नोटीस माझ्या नावानं आली, दुकान माझ्या नावचं, तर जवाब माझा. पोरगी तव्हा माझ्याच दुकानात बसत होती."

"वैनी बरोबर बोलून राहिल्या," भागवत एकदम म्हणाला. "खरं ते खरं. अन् एजन्सी गेली तरी आपलं लातूर हायच की. मुखेडचा भाग मी बघीन, घरातल्या घरात."

आता दिराला सत्याचा एवढा पुळका कशाचा, हे उज्वलाला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. पण त्याचा लोभ तिनं तूर्त बाजूला ठेवला. तिनं लिहिलं: सर्व अकरा नावं माझ्या दुकानानं, घरच्यांच्या माहितीनं घेतली. जीशान तय्यब याचा यात काहीही संबंध नाही. नावं परत घ्यावीत. खाली बचत गटाच्या रजिस्टरवर करते तशी, एकेक अक्षर सुटं ठेवून तिनं सही केली. शिवांगीनं फोटो काढून कंपनीच्या साहेबाला पाठवला.

मोटारींच्या सीझनमध्ये साहेबाला रविवार नसतो. दहाव्या मिनिटाला फोन आला, तो उज्वलाच्याच मोबाईलवर. तिनं स्पीकर लावला.

"मॅडम, तुमची दोन पत्रं आलीत. शुक्रवारी एक, आज एक. एकात एक, दुसऱ्यात भलतंच. बरं, दोन्हींवरच्या सह्या जुळत नाहीत. आमच्याकडं बावीस वर्षांचे कागद आहेत, त्यांच्याशी शुक्रवारची जुळते. आजची नाही. मग आजचं पत्र खरं कसं धरू?"

श्रीमंत पुढं झाला. हातानं खुणावू लागला. फोन ठेव. मग त्यानं हातच जोडले. इतक्या वर्षांत त्यानं तिच्यापुढं हात जोडलेले तिनं पाहिले नव्हते, आणि तिला त्याची कीव आली, खरोखरच आली. हाच माणूस पोरीला वाचवायला निघाला होता. तिनं पायरीकडं पाहिलं. तय्यब अजून तसाच उभा होता.

"साहेब, आजची सही माझी हाय," उज्वला म्हणाली. "शुक्रवारची म्या केली न्हाई. ती शिवांगीच्या बाबांनी केली."

साहेबानं विचारलं, "आणि आधीच्या? करारावरच्या?"

"त्या बी त्यांनीच."

"मॅडम, तुम्ही काय बोलताय ते कळतंय ना तुम्हाला? एजन्सी तर जाईलच. वर मिस्टरांवर खोट्या सह्यांचं निघेल. हे लेखी द्याल?"

शिवांगीनं डोळे मिटून घेतले. श्रीमंत जोडलेले हात तसेच धरून उभा होता.

"जीशानचं नाव कटत असंल तर देते," उज्वला म्हणाली. "लिहायला घेते, साहेब. सही माझीच राहील."